जुन्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत जड काडतूस वापरण्याआधी

रावेर, यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यात आजोबांच्या काळची १२ बोअर बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. बहुतेक ठिकाणी दुनळी, काही ठिकाणी एकनळी. पण मोजक्या घरांत मागून पोक आल्यासारखी दिसणारी, एकच नळी असलेली आणि एकामागोमाग एक बार काढणारी सेमी-ऑटोमॅटिक निघते. परवाना वारसाने मुलाच्या किंवा नातवाच्या नावावर झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘भाऊ, यामा एलजी चाली का? मॅग्नम चाली का?’’ (एलजी म्हणजे मोठ्या गोळ्यांचं काडतूस, मॅग्नम म्हणजे जादा लांबीचं, जास्त जोराचं.)

दुकानदाराला विचारून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याने तुमची बंदूक उघडून पाहिलेली नसते. उत्तर बंदुकीतच असतं: चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या घराच्या) लांबीत, रिकॉइल स्प्रिंगजवळच्या (बाराचा धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगजवळच्या) एका पोलादी कड्याच्या जागेत आणि रिसीव्हरच्या (नळी आणि दस्ता यांच्यामधल्या पोलादी डब्याच्या) मागच्या भिंतीवरच्या एका छोट्या तुकड्यात. या तीन गोष्टी स्वतः पाहिल्याशिवाय जड काडतूस घालू नका. त्या कशा पाहायच्या, ते पुढे सांगतो.

आधी कागद

शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं साध्या दुनळी-एकनळीपेक्षा वेगळ्या वर्गात येतात. जुन्या परवान्यांवर कित्येकदा नुसतं ‘१२ बोअर गन’ लिहिलेलं असतं. तुमच्या परवान्यावर हत्याराचा प्रकार, कंपनीचं नाव आणि नंबर बंदुकीवरच्या कोरीव नंबराशी जुळतो का, ते आधी पाहा. यूआयएन (परवान्याचा ओळख क्रमांक) पडला आहे का तेही पाहा. जुळत नसेल तर बंदूक न हलवता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करा. वारसाहक्काने परवाना मागण्यासाठी परवानाधारकाच्या निधनाचीच वाट पाहावी लागत नाही. त्यांचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तरी ते हयात असतानाच अर्ज करता येतो. आबा हयात असताना हे झालं तर आणखी एक फायदा होतो: बंदुकीत आजवर काय काय चाललं, नळी कधी बदलली, कोणाकडे दुरुस्त केली, हे सगळं त्यांच्याच तोंडून कळतं. ते लिहून ठेवा.

दुरुस्तीबद्दलही इथेच सांगतो. शस्त्र दुरुस्तीला कायद्याने परवाना लागतो. गावातला लोहार किंवा लेथवाला कितीही हुशार असला तरी बंदूक त्याच्याकडे न्यायची नाही. नळी कापणं तर थेट गुन्हा आहे.

बंदूक रिकामी करा, आणि मग पुन्हा पाहा

दुनळी मोडली की दोन्ही चेंबर डोळ्यांसमोर येतात. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये तसं होत नाही. काडतूस असू शकेल अशी तीन ठिकाणं असतात: नळीखालची मॅगझिन ट्यूब (जादा काडतुसं भरायची नळी), काडतूस वर उचलणारा लिफ्टर आणि चेंबर. मॅगझिन रिकामं केलं म्हणून चेंबर रिकामं झालं असं नाही. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, करंगळी चेंबरमध्ये घालून तपासा, मग ट्यूबच्या तोंडाशी बोट घालून फॉलोअर (काडतुसांना ढकलणारा तुकडा) लागतो का पाहा. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीचं तोंड कायम मोकळ्या दिशेला ठेवा, बोट चापाबाहेर ठेवा. सेफ्टी लावली आहे म्हणून यातलं काही सोडायचं नाही. जुन्या बंदुकीत सेफ्टी झिजलेली असू शकते.

ही बंदूक चालते कशी

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिला प्रकार लाँग रिकॉइलचा. जॉन ब्राउनिंगने आखलेली आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बनवलेली ऑटो-५ ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. तिचं उत्पादन १९९८ पर्यंत चाललं. अमेरिकेतली रेमिंग्टन मॉडेल ११ आणि सॅव्हेज ७२० या तिच्याच कुळातल्या. यांची ओळख म्हणजे रिसीव्हरची पाठ चौकोनी, एकदम खाली उतरणारी. बार झाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना घट्ट अडकलेल्या अवस्थेत दोघंही पूर्ण मागे येतात. मग नळी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि शेवटी बोल्ट नवीन काडतूस घेऊन पुढे येतो. म्हणजे प्रत्येक बाराला बंदुकीचं जवळपास निम्मं लोखंड मागे आपटायला निघतं, आणि त्याला थोपवायचं काम मधल्या स्प्रिंग आणि कड्यांचं असतं.

दुसरा प्रकार गॅसवर चालणारा. रेमिंग्टन ११०० हे त्याचं घराघरात पोचलेलं उदाहरण, १९६३ पासूनचं. यात नळी हलत नाही. नळीतल्या बारीक छिद्रांतून थोडा गॅस बाहेर येतो आणि तो पिस्टन मागे ढकलतो.

खात्री करायची सोपी युक्ती: रिकाम्या बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवा, बोल्ट पुढे असू द्या आणि नळी दोन्ही हातांनी खाली दाबा. नळी आत सरकली तर लाँग रिकॉइल. तोंडावर तळहात ठेवू नका, नळी बाजूने धरा. रिकामी असली तरी ही सवय मोडायची नाही.

जड म्हणजे नेमकं काय

लोक ‘जड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि तिथून घोटाळा सुरू होतो. एक आहे दाब, म्हणजे नळीच्या आत गॅसचा जोर. दुसरा आहे धक्का, म्हणजे बंदूक मागे किती जोराने येते. छर्ऱ्याचं वजन आणि वेग वाढला की धक्का नक्की वाढतो, दाब वाढेलच असं नाही. अमेरिकन मानकात १२ बोअरच्या २¾ इंची आणि ३ इंची काडतुसांची कमाल दाबमर्यादा एकच आहे, ११,५०० पीएसआय. युरोपच्या मानकात मात्र साधं काडतूस ७४० बार आणि जास्त जोराचं १,०५० बार (इथे ‘बार’ हे दाबाचं माप), असा मोठा फरक आहे.

म्हणून जुन्या बंदुकीला धोका दोन वाटांनी येतो. दाब जास्त झाला तर नळी फुगते किंवा फुटते, आणि ते एका बारातही होऊ शकतं. धक्का जास्त झाला तर लाकूड तडकतं, रिसीव्हरला मागून मार बसतो, बोल्टचे भाग झिजतात. हे बारामागून बार होत जातं आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. जड काडतुसाने बंदूक फुटली नाही म्हणजे चालली, असं म्हणणारी माणसं या दुसऱ्या नुकसानीकडे पाहतच नाहीत.

आकड्यांत सांगायचं तर २८ ग्रॅम छर्रे हा हलका भार, ३२ ग्रॅम मध्यम, ३६ ग्रॅम आणि वर जड. एलजी आणि एसजीच्या मोठ्या गोळ्या, तशीच एकगोळी स्लग, यांचा धक्काही साधारण जड बाजूलाच धरून चाला. ७६ मिलिमीटरचं, म्हणजे ३ इंची मॅग्नम हा वेगळाच वर्ग. ऑटो-५ ची ३ इंची आवृत्ती १९५८ मध्ये आली. त्याच्या आधीच्या १२ बोअर ऑटो-५ मध्ये मॅग्नमचा प्रश्नच येत नाही.

चेंबरची लांबी: इथे घाई नको

काडतुसाच्या डब्यावर ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर छापलेलं असतं. ही लांबी न उडवलेल्या काडतुसाची नाही. बार झाल्यावर पुढची घडी उघडून नळकांडं सरळ होतं, तेव्हाची आहे. हातात रिकामं आणि भरलेलं अशी दोन काडतुसं शेजारी धरून पाहा. घडीचं ७० मिलिमीटरचं काडतूस भरलेलं असताना जेमतेम ५८-६० मिलिमीटर भरतं. त्यामुळे ते ६५ च्या चेंबरमध्ये अगदी आरामात बसतं. बोल्ट बंद होतो, काही अडत नाही. बार झाल्यावर मात्र घडीला उघडायला जागा मिळत नाही. ती चेंबरपुढच्या निमुळत्या भागात उघडते, छर्रे आणि त्यांच्यामागच्या बुचाची वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ‘बसतंय म्हणजे चालतंय’ हे म्हणणं धोक्याचं आहे ते यासाठी.

भारतात ही भीती खरी आहे, कारण जुन्या इंग्लिश दुनळ्यांप्रमाणेच युद्धापूर्वीच्या युरोपीय बाजारासाठी बनलेल्या काही ऑटो-५ सुद्धा ६५ मिलिमीटर चेंबरच्या आहेत. १६ बोअरच्या जुन्या बंदुकांत तर ते सर्रास आहे.

कसं ओळखायचं? नळीवर, चेंबरच्या आसपास, भिंगाखाली कोरीव खुणा पाहा. ‘१२-७०’ किंवा ‘२¾’ असं स्पष्ट कोरलं असेल तर उत्तम. खूण नसेल किंवा पुसट असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून गेजने मोजून घ्या. मधल्या काळात नळी बदललेली असू शकते, त्यामुळे रिसीव्हरवरचं वर्ष पाहून चेंबरचा अंदाज बांधू नका. ज्या नळीतून बार काढायचा, तीच मोजायची.

आपल्याकडची १२ बोअर काडतुसं मुख्यतः पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली. तो कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत आहे. वरणगावचा कारखाना आपल्या दाराशी असल्यामुळे अनेकांना वाटतं आपलीही काडतुसं तिथलीच, पण तिथलं काम लष्करी रायफलच्या गोळ्यांचं. काडतूस कुठलंही असो, डब्यावरची लांबी वाचून घ्या. दुकानदाराने सुटी काडतुसं हातावर ठेवली तर नळकांड्यावर छापलेली लांबी आणि छर्ऱ्याचा नंबर वाचा. वाचता येत नसेल तर ते काडतूस घेऊ नका.

कडी आणि स्प्रिंग: ऑटो-५ च्या कुळासाठी

हा या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका हाच वारसाने बंदूक मिळालेल्या माणसाला कोणी सांगत नाही.

बंदूक पुन्हा तपासून रिकामी असल्याची खात्री करा. बोल्ट मागे अडकवा. दस्ता गोणपाटावर टेकवून नळी सुमारे अर्धा इंच आत दाबून धरा, कारण आत स्प्रिंग दाबलेली आहे. मॅगझिनची टोपी फिरवून काढा, पुढचं लाकूड अलगद वर सरकवा, मग नळी हळूहळू वर येऊ द्या आणि बाहेर काढा. नळी काढलेली असताना बोल्टचं बटण दाबू नका. समोर नळी नसताना बोल्ट जोरात पुढे गेला तर भाग तुटतात.

आता मॅगझिन ट्यूबवर काय काय दिसतं ते पाहा: एक लांब स्प्रिंग, एक पितळी रंगाचा फाटीचा तुकडा (हा ब्रेकचा जोडा) आणि एक पोलादी कडं, ज्याची एक बाजू आतून उतरती घासलेली असते. कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा.

१२ बोअरच्या साध्या ऑटो-५ मध्ये जड काडतुसासाठीची मांडणी अशी: रिसीव्हरला टेकून स्प्रिंग, तिच्यापुढे पोलादी कडं, कड्याची उतरती बाजू पुढे म्हणजे पितळी तुकड्याकडे, त्यापुढे पितळी तुकडा, आणि त्यावर नळीचं कडं बसतं. नळी मागे आली की दोन्हीकडच्या उतारांमध्ये पितळी तुकडा आवळला जातो, ट्यूबला घट्ट धरतो आणि नळीचा वेग मोडतो.

हलक्या काडतुसासाठी पोलादी कडं तिथून काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरच्या बाजूला ठेवलेलं असतं. तिथे ते ब्रेकच्या कामात येत नाही, नुसतं जागेवर सांभाळलेलं असतं. पितळी तुकडा मात्र पुढेच राहतो.

आजोबांनी वर्षानुवर्षं हलकी काडतुसं वापरली असतील तर बंदूक हलक्या मांडणीतच तुमच्या हाती आली असणार. त्यात ३६ ग्रॅम किंवा एलजी घातलं की नळी जवळपास मोकळीच मागे येते आणि रिसीव्हरवर आदळते. उलट, जड मांडणीत हलकं काडतूस घातलं तर नळी पुरती मागे येत नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. बार अडकला म्हणून वैतागून कडी काढून टाकणारे लोक असतात. अशा बंदुकीत कधी कधी पोलादी कडं सापडतच नाही. कडं नसेल, किंवा पितळी तुकडा तडकलेला वा गुळगुळीत झिजलेला असेल, तर नवीन भाग मिळेपर्यंत जड काडतूस बंद. ३ इंची मॅग्नम आवृत्तीत पितळी तुकडे दोन असतात आणि मांडणी वेगळी असते. तिच्यावर इथली मांडणी लावू नका, त्या मॉडेलचं पुस्तक पाहून करा.

तेलाचंही सांभाळा. घर्षणाने थांबवणाऱ्या ब्रेकवर तेल ओतलं तर तो धरणार कसा? मॅगझिन ट्यूब आधी कोरडी पुसा, मग पातळ तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन नुसता हात फिरवा. ग्रीस अजिबात नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा जुनं तेल आटून चिकट राळ होते, आणि धूळ मिसळली की ती कधी ब्रेकला जास्त धरते, कधी सोडते. रॉकेल किंवा गन सॉल्व्हंटने ही राळ काढून मगच तेलाचा हात.

स्प्रिंग वेडीवाकडी झाली आहे का, वेटोळी असमान आहेत का, पाहा. पन्नास-साठ वर्षांची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत राहून आखडलेली असते. नवीन स्प्रिंग मिळवणं हा या बंदुकीवरचा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी खर्च आहे.

मग बॅटरीच्या उजेडात रिसीव्हरच्या मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूला पाहा. तिथे फायबरचा एक छोटा तुकडा (बफर) रिव्हेटने बसवलेला असतो. बोल्टचा शेवटचा मार तो झेलतो. तो लाकडासारखा कडक झाला असेल, चिरला असेल किंवा पडून गेला असेल, तर पोलादावर पोलाद आपटतं. भिंतीवर चकचकीत ठसा उमटला असेल तर हे बऱ्याच काळापासून चालू आहे असं समजा. बफर बदलल्याशिवाय हलकं काडतूसही नको.

शेवटी पुढच्या लाकडाची आतली बाजू. टोपीजवळ उभी भेग, तेलाने काळा पडलेला पापुद्रा, गोंदाने चिकटवलेला जुना सांधा, यांपैकी काहीही म्हणजे चुकीची मांडणी किंवा सैल टोपीची निशाणी. परत जोडताना टोपी शेवटच्या खटक्यापर्यंत घट्ट बसवा. सैल टोपी हेच लाकूड फुटण्याचं मोठं कारण.

गॅसवाल्या बंदुकीचं थोडक्यात

इथे कड्यांची मांडणी बदलावी लागत नाही. पिस्टन आणि ट्यूबवरची काजळी काढा, नळीतली गॅसची छिद्रं मोकळी आहेत का पाहा, रबरी ओ-रिंग तडकली असेल तर बदला. ११०० मध्ये ती गेली की बंदूक नीट चालत नाही. दस्त्यातली परतीची स्प्रिंग कमजोर झाली असेल तर बोल्ट जोरात मागे जातो. छिद्रं ड्रिलने मोठी करू नका. ती त्या नळीच्या काडतुसासाठी मापून पाडलेली असतात. आणि साध्या रिसीव्हरवर मॅग्नमची नळी चढवली म्हणून बंदूक मॅग्नम होत नाही.

नळीतून पाहणं

नळी उघडून आकाशाकडे धरा आणि आतून गोल फिरवत पाहा. एखाद्या ठिकाणी सावलीची पूर्ण अंगठी दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. बाहेरून दोन बोटांनी चाचपलं तर उंचवटा लागतो. फुगलेली नळी भंगारात जायच्या लायकीची, हलक्या काडतुसालाही नाही. खोल खड्डे, विशेषतः चेंबरच्या पुढे, दिसले तर दुरुस्तीवाल्याचा निर्णय घ्या.

आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून पाहायची. माळ्यावर किंवा खुंटीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा केलेली बंदूक दोन-तीन महिन्यांनी परत आली की तेव्हाही गज घालून नळी आरपार मोकळी आहे हे पाहिल्याशिवाय काडतूस जवळ आणू नका. मातीचा एवढासा गोळा समोर असला तर हलकं काडतूसही नळी फोडायला पुरतं.

पोलादी छर्रे बेल्जियमच्या जुन्या ऑटो-५ नळ्यांना वर्ज्य आहेत, कंपनीचाच तसा इशारा आहे. शिशाच्या स्लगसाठीही आवळ फुल चोकची (तोंडाशी सगळ्यांत अरुंद केलेली) जुनी नळी योग्य नाही. मोकळ्या चोकची नळी असेल तरच विचार करा. २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या घरात नको. ते चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून १२ बोअरचं काडतूस बसतं, आणि पुढचं सांगायला नको. या चुकीमुळेच २० बोअरची नळकांडी पिवळी बनवायची पद्धत पडली.

काडतुसं

आजोबांच्या पेटीतली कागदी काडतुसं वापरायची नाहीत. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, बुडातली दारू पेटवणारी टोपी बुरशी धरते. ती परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात रीतसर जमा करा, विहिरीत किंवा शेकोटीत टाकू नका. घरी भरलेलं किंवा ‘दारू वाढवून’ दिलेलं काडतूस कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. जीवाला धोका आहेच, शिवाय बेकायदाही आहे. उन्हात उभ्या गाडीच्या काचेमागे काडतुसाचा डबा ठेवला तर दारू तापते आणि तापलेल्या दारूचा दाब वाढतो. जड काडतूस तसंही मर्यादेच्या जवळ असतं, त्याला ही भर परवडत नाही.

पहिला बार

अधिकृत रेंजवर, जाणकार माणूस शेजारी असताना. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ. मॅगझिन रिकामं ठेवून चेंबरमध्ये एकच काडतूस घाला. पाचही भरून सुरुवात करू नका. आधी हलकी मांडणी आणि २८ ग्रॅमची काडतुसं. बंदूक चालते हे दिसलं की मग कडी बदलून जड काडतूस, तेही एकेक करून.

प्रत्येक बारानंतर रिकामं काडतूस उचला. पितळी बुडाला भेग, फुगवटा, टोपी सपाट होऊन बाहेर आलेली, नळकांड्याचं तोंड फाटून विरल्यासारखं, यातलं काही दिसलं की थांबा. विरलेलं तोंड हा चेंबर लहान असल्याचा इशारा असू शकतो. काडतूस किती लांब पडतं तेही पाहा. जड मांडणीत रिकामं नळकांडं फार लांब जोरात फेकलं जात असेल आणि बंदुकीतून लोखंडावर लोखंड आदळल्याचा खणखणीत आवाज येत असेल, तर ब्रेक धरत नाही.

चाप ओढला आणि बार झाला नाही तर नळी समोर धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग काडतूस काढा. बार झाला पण आवाज फुसका आला, तर ते जास्त धोक्याचं. बुच नळीत अडकलेलं असू शकतं. दुनळीत दुसरी नळी वेगळी असते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पुढचं काडतूस त्याच अडलेल्या नळीच्या मागे स्वतःहून येऊन बसू शकतं, आणि चाप ओढायला बोट तयारच असतं. फुसका आवाज आला की बोट बाहेर, बंदूक रिकामी, नळी काढून आरपार पाहायची. सोबतच्या माणसालाही हे आधी सांगून ठेवा. उत्साहात ‘पुन्हा मार’ म्हणणारा कोणीतरी असतोच.

जड काडतूस लागतं तरी कशाला

रानडुक्कर आणि रोही यांनी केळी, कापूस, मका उद्ध्वस्त केल्याचं दुःख मला ठाऊक आहे. पण हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर गोळी चालवता येत नाही, शेत तुमचं असलं तरीही. राखणीसाठी आवाज पुरतो, आणि आवाजाला बंदूकच लागते असंही नाही.

परवानगी मिळालेल्यांनीही हे लक्षात ठेवावं: एसजीची एक गोळी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, एलजीची नऊच्या. इतक्या मोठ्या गोळ्या हवेत लवकर थंडावत नाहीत, अर्धा किलोमीटरच्याही पुढे जातात. वीज रात्रीची असते, म्हणून रात्री पाण्याचा बारा द्यायला माणसं केळीच्या बागेत असतात. केळीच्या पानाआड बॅटरी विझवून बसलेला सालदार दिसत नाही. पलीकडे काय आहे हे उजेडात पाहिलेलं नसेल तर बार नाही. आणि लग्नात, वरातीत हवेत बार काढणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षापात्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे सगळं धरून माझं मत स्पष्ट आहे. पन्नास वर्षांवरच्या सेमी-ऑटोमॅटिकला नेहमीसाठी २८ ते ३२ ग्रॅमची काडतुसं द्या. जड काडतूस क्वचित, योग्य मांडणीत, भाग शाबूत असतील तेव्हाच. मॅग्नम नाहीच.

घरी आल्यावर

त्याच दिवशी नळीला गज मारा, ट्यूब पुसा, पितळी तुकड्याखालचा काळा चुरा काढा. तेल कमी. कपाटात उभी ठेवायची असेल तर काही दिवस नळीचं तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरणार नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि कडी आत्ता हलक्या मांडणीत आहेत की जड, हे एका चिठ्ठीवर तारखेसह लिहून ती चिठ्ठी बंदुकीच्या पिशवीत ठेवा. मांडणी बदलली की चिठ्ठीही त्याच वेळी बदला.